हळू आवाजात

कंपनीच्या बसमध्ये मोबाइल मोठ्याने लावायचा नाही, हा नियम कंपनीने केलेला नव्हता. तो हिंदुराव इंगोले यांनी केला होता, आणि तो सगळ्यांना लागू होता, एक हिंदुराव सोडून. सकाळी सहाला मोशीच्या थांब्यावर बसमध्ये पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी मागच्या बाकांवर जायची. तिथे गणराज नावाचा वेल्डर कुठलंसं नाचाचं रील बघत बसलेला असायचा. ‘ए भावा, दुसऱ्यांना कान हायत का न्हाईत? हेडफोन घाल की,’ असं हिंदुराव दरडावायचे, आणि गणराज निमूटपणे फोन खिशात टाकायचा. मग हिंदुराव आपल्या जागेवर टेकायचे, चष्मा लावायचे आणि स्वतःच्या फोनवर एखाद्या पुढाऱ्याचं भाषण सुरू करायचे. ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकावं लागे. पण ती करमणूक नव्हती, ते राजकारण होतं, आणि राजकारण चार माणसांच्या कानावर पडलंच पाहिजे, असं हिंदुरावांचं म्हणणं होतं.

मतांचा त्यांच्याकडे तुटवडा नव्हता. महापालिकेच्या निवडणुकीत कुणाला तिकीट मिळणार, कोण ऐनवेळी पलटी मारणार, मोशीच्या पाण्याचं कुणी वाटोळं केलं, हे त्यांना बसमध्ये बसल्या बसल्या कळायचं. भाषण संपलं की त्यावर त्यांचं वेगळं भाषण व्हायचं. चाकण येईपर्यंत देश, राज्य आणि प्रभाग, तिन्हींची घडी बसलेली असायची. उरलेले लोक डोळे मिटून झोपेचं सोंग घेत.

एवढा आवाज त्यांना लागायचा त्याला कारण होतं. कंपनी मोटारींचे पत्रे दाबून दरवाजे, बॉनेट वगैरे काढायची, आणि हिंदुरावांची सत्तावीस वर्षं तिथल्या प्रेस शॉपमध्ये गेली होती. चारशे टनांची प्रेस दर सहा सेकंदांनी खाली आपटते, अशा बारा प्रेस एका छपराखाली. कानात घालायला रबरी बोळे मिळतात, पण पहिली बरीच वर्षं हिंदुरावांचे बोळे खिशातच राहिले. बोळे घालणं म्हणजे भित्रेपणा, असं तेव्हा सगळेच समजत. आता त्यांच्या कानात एक घूं असा आवाज दिवसरात्र चालू असे, आणि त्यापलीकडचं जग जरा लांबून ऐकू येई. पण आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना मान्य नव्हतं. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढीच त्यांची तक्रार होती.

बसमध्ये त्यांच्याशी नीट बोलू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे रियाज शेख. रियाज टूलरूममध्ये डाय फिटर, म्हणजे प्रेसचे साचे बसवणारा होता, हिंदुरावांपेक्षा बारा वर्षांनी लहान. तो कासारवाडीला बसमध्ये चढायचा आणि शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून मोशीपर्यंत हिंदुरावांची जागा राखायचा. असं नऊ वर्षं चाललं होतं. हिंदुरावांशी बोलताना तो त्यांच्या उजव्या कानाजवळ वाकून, शब्द सुटे सुटे करून बोलायचा. हिंदुरावांना वाटायचं, या पोराची वाणीच स्वच्छ आहे.

भाषणं ऐकताना कधी कधी गाडी घसरायची. ‘हे लोक’ असं म्हणत पुढारी रियाजच्या जातकुळीवर यायचा आणि नको नको ते बोलायचा. त्या वेळी रियाज खिडकीतून रस्त्याकडेची दुकानं बघायचा. हिंदुरावांच्या ते लक्षात आलं तर ते त्याच्या मांडीवर थाप मारायचे. ‘तुझ्याबद्दल न्हाई रे हे. तू आपला माणूस.’ ‘माहितीये, दादा,’ रियाज म्हणायचा. आणि कुणी राजकारणावरून हिंदुरावांशी वाद घातलाच, तर ते रियाजकडे बोट दाखवायचे. ‘ह्याला विचारा. माझा जिवाभावाचा दोस्त हाय. ईदची बिर्याणी मी ह्याच्या घरी खातो.’ ते खरंच होतं. दोन वेळा मागून खायचे.

या रियाजला घर हवं होतं. कासारवाडीला रेल्वे रुळांच्या कडेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत तो, बायको शाहीन, दहावीतली मुलगी नबीला आणि आई खातूनबी असे राहत. खातूनबीचे गुडघे गेले होते. जिना उतरायचा म्हणजे रियाजने तिला पाठीवर घ्यायचं, त्यामुळे दवाखान्याखेरीज ती आठ महिने खाली उतरलेली नव्हती. मोशीत हिंदुरावांच्याच इमारतीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर, एक फ्लॅट भाड्याने निघाला. लिफ्ट होती. मालक तयार होता. फक्त सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागत होती, आणि त्या फॉर्मवर ओळख देणाऱ्या सभासदाचं नाव लिहायचं होतं.

‘माझं नाव टाक,’ हिंदुराव भर बसमध्ये म्हणाले होते. ‘चेअरमन अर्जुनराव माझ्या शब्दाबाहेर न्हाई. तुझी अम्मी खाली बाकावर बसून ऊन खाईल बघ.’ रियाजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून हिंदुरावांना स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

बुधवारी पहिली शिफ्ट सुटली आणि साडेतीनला बस परत निघाली. रियाज एक काम उरकून धावतपळत शेवटी चढला, तोवर त्याच्या जागेवर सयाजी बसला होता. सयाजीही प्रेस शॉपचाच. पायावर पत्रा पडल्यामुळे त्याला पाय लांब करायला ती जागा हवी होती. रियाज म्हणाला, असू द्या, आणि चार बाकं पुढे खिडकीशी जाऊन बसला. बस चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत आली आणि नेहमीसारखी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधल्या फटींतून रिक्षा घुसलेल्या. अशा वेळी ड्रायव्हर काय करतो, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

हिंदुरावांचा फोन वाजला. अर्जुनराव होते.

‘इंगोले, तो तुमचा रियाज शेख. फॉर्मवर ओळखीत तुमचं नाव आहे. संध्याकाळी कमिटी बसतेय. मोकळेपणाने सांगा. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही तर नाही.’

हिंदुरावांनी आधी पुढे पाहिलं. रियाजने डोकं खिडकीला टेकवलं होतं, डोळे मिटलेले दिसत होते. सयाजी शेजारी तोंड उघडं टाकून घोरत होता. हिंदुरावांनी फोन कानाला घट्ट लावला, डाव्या हाताचा पंजा तोंडावर आडवा धरला, आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत ते बोलले.

‘माणूस चांगलाय हो. कामाला तर वाघ हाय. पण आता कसंय, आपल्या बिल्डिंगचं वातावरण निराळं. एक आला की मागनं दहा येत्यात. आज आई आली, उद्या भाऊ, परवा मेव्हणा. सणावाराला त्यांचं ते खाणंपिणं. पुन्हा निवडणुका तोंडावर, लोक म्हणतील इंगोल्यानं आणला. मला तोंडावर न्हाई म्हणता येत न्हाई, रोज शेजारी बसतो तो माझ्या. तुमी कमिटीचं कारण सांगून टाका. माझं नाव तेवढं कुठं येऊ देऊ नका.’

‘ठीक आहे,’ अर्जुनराव म्हणाले. ‘कमिटीचं सांगतो.’

फोन ठेवून हिंदुरावांनी मान वर केली तेव्हा रियाज ड्रायव्हरशेजारी उभा होता. पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरत असेल, असं त्यांना वाटलं. क्षणभराने पायाखालचा पत्रा थरथरला, पण बस काही हलली नाही. रियाज पुन्हा जागेवर येऊन बसला. हिंदुरावांनी निवडणुकीचं एक भाषण लावलं आणि मोशी येईपर्यंत ऐकलं. उतरताना त्यांनी रियाजच्या खांद्यावर थाप मारली. रियाज म्हणाला, ‘सावकाश उतरा, दादा.’

गुरुवारी सकाळी हिंदुराव बसमध्ये चढले तर रियाजच्या शेजारची जागा रोजच्यासारखी राखलेली होती. ते बसले. रियाज त्यांच्या कानाजवळ वाकला.

‘दादा, त्या फ्लॅटच्या मालकाला मीच काल नको म्हणून कळवलं. अम्मीला कासारवाडी सोडवत नाही. तुम्हाला उगाच तसदी दिली.’

हिंदुरावांच्या छातीवरचा दगड उतरला. परस्पर काम झालं होतं, ब्र काढावा लागला नव्हता. एवढ्यावर गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण सुटका झाली की माणसाला जरा मोठेपणाही हवासा वाटतो.

‘आरं, असं कसं?’ ते म्हणाले. ‘मी तर अर्जुनरावांना ठणकावून सांगितलं होतं, रियाजला घर द्या, माझ्या शब्दावर द्या. त्यो माझा धाकटा भाऊ हाय म्हणलं.’

रियाजने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘तुमचे उपकार आहेत, दादा,’ आणि खिडकीकडे वळला. बसमध्ये त्या वेळी कुणीच काही बोलत नव्हतं. मागच्या बाकावरून गणराज त्यांच्याकडे टक लावून बघत होता आणि त्याने नजर काढून घेतली नाही. पोरं शेफारलीत, असं हिंदुरावांच्या मनात आलं.

दुपारी कँटीनमध्ये ते ताट घेऊन बसले तर त्यांच्या टेबलाशी कुणी येईना. शेवटी विजयश्री आली. ती क्वालिटीमध्ये होती, मूळची लातूरकडची, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. ती समोर बसली, ताटातली भाकरी तिने उगाच दोनदा मोडली, आणि मग हिंदुरावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, ‘काका, काल तळेगाव चौकात गाडी बंद होती.’

‘कुठली गाडी?’

‘आपली बस ओ. जाम होता म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं.’

‘मग?’

‘मग काय. तुमाला फोन आलता.’

हिंदुरावांना अजूनही उमगलं नाही. कानातला घूं आवाज त्यांना इंजिनाचा वाटला होता. तो इंजिनाचा नव्हता, एवढं मनात जुळायला त्यांना थोडा वेळ लागला. जुळल्यावर त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

‘मी हळू बोलत होतो,’ ते म्हणाले.

‘न्हाई, काका.’ विजयश्रीचा चेहरा रडवेला झाला होता. ‘सगळ्या बसनं ऐकलं. पलीकडचा माणूस काय म्हणला तेसुद्धा ऐकलं, तुमचा फोन एवढा मोठा असतो.’

‘रियाज झोपला होता.’

‘जागे होते. तुमी “एक आला की” म्हणलात तेव्हाच उठले आणि ड्रायव्हरकडं गेले. म्हणले, भाऊ, इंजिन चालू कर. ड्रायव्हर म्हणला, आता कशाला, गाडी तर हलत नाही. तर म्हणले, दादा बोलतायत, लोक ऐकतायत, तू कर चालू.’

ती आपलं ताट उचलून गेली. हिंदुराव बसून राहिले. त्यांना काल पायाखाली थरथरलेला पत्रा आठवला. आणि मग, त्याहून वाईट, आज सकाळचं आठवलं. रियाजला सगळं माहीत असताना ते त्याला तोंडावर ‘धाकटा भाऊ हाय म्हणलं’ असं सांगत होते, आणि रियाजने ते ऐकून घेतलं होतं. चाळीस माणसांच्या देखत त्याने यांची लाज झाकली होती, आणि हे त्याच्यावर उपकार केल्याचा आव आणत होते. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते काय, हे त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कँटीनच्या बाकावर समजलं.

परतीच्या बसने ते गेले नाहीत. मुद्दाम मागे रेंगाळले आणि रिक्षा, पीएमपीची बस असं करत मोशी गाठली. घरी बायको सावित्रीबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

‘मी मोठ्यानं बोलतो का गं?’ त्यांनी विचारलं.

सावित्रीबाईंना हसू आलं. ‘हे आज कुठून सुचलं? अहो, तुम्ही घरात आवाज चढवायच्या आधी मी खिडक्या लावते. कितीतरी वर्षं लावते.’

‘चढवल्यावरचं सोड. हळू बोलतो तेव्हा?’

‘तुमचं हळू कुठं असतं?’ त्या म्हणाल्या. ‘शेजारच्या सुभद्राबाईंकडं पूजेला गेलो होतो, तिथं तुम्ही माझ्या कानात म्हणालात, चहा पांचट झालाय. त्यांनी लगेच दुसरा चहा केला तो कशामुळं केला, असं वाटलं तुम्हाला?’

हिंदुराव पलंगावर टेकले. एकामागून एक त्यांना आपल्या कुजबुजी आठवू लागल्या. कंपनीतल्या शेखरच्या लग्नात नवरीच्या रंगाबद्दल बोललेलं. सयाजीच्या वडिलांच्या दहाव्याला, आता भावाभावांत जागेवरून जुंपणार असं म्हटलेलं. डॉक्टरच्या खोलीत, साहेबांच्या केबिनबाहेर, देवळाच्या रांगेत. आयुष्यभर तोंडावर हात धरून जे जे बोलले ते सगळं लोकांनी ऐकलं होतं, आणि लोक त्यांच्याशी नेहमीसारखे वागत राहिले होते. भाषणं मोठ्याने लावली म्हणून माणूस बदनाम होत नाही. पण आपण कुजबुजतो म्हणून समजत होतो ते सगळं चव्हाट्यावर होतं. लोकांनी किती सांभाळून घेतलं आपल्याला, या विचाराने त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘काय झालं?’ सावित्रीबाईंनी विचारलं. हिंदुरावांनी सांगितलं. पहिल्यांदा त्यांना बायकोला काही सांगताना खिडकी लावावीशी वाटली, आणि त्यांनी ती लावली. सावित्रीबाईंनी सगळं ऐकलं. हसू मावळलं होतं.

‘ती म्हातारी गेल्या ईदला माझ्यासाठी वेगळा शीरखुर्मा काढून ठेवत होती,’ त्या म्हणाल्या. ‘हे बोललात तरी कसे तुम्ही?’

कसे बोललो, हे हिंदुराव स्वतःलाच विचारत होते. ‘एक आला की मागनं दहा येत्यात’, हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते महिन्यापूर्वीच्या कुठल्याशा भाषणातलं होतं, रियाजच्या शेजारी बसून पूर्ण आवाजात ऐकलेलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण नुसतं ऐकतोय. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात कधी येऊन बसलं हे त्यांना कळलं नव्हतं. पण ती पळवाटही त्यांना पुरी पडेना. वाक्य दुसऱ्याचं असेल, हात तर स्वतःचाच होता, तोंडावर धरलेला.

संध्याकाळी ते खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले. अर्जुनराव कुठलीशी बिलं बघत बसले होते.

‘अर्जुनराव, रियाज शेखला फ्लॅट द्या,’ हिंदुराव म्हणाले. ‘मी काल चुकीचं बोललो.’

अर्जुनरावांनी चष्मा वर केला. ‘अहो, काल तर तुम्हीच... कमिटीत मी तसं सांगून टाकलं. शिवाय मालक म्हणाला, त्या माणसानेच माघार घेतली.’

‘माझ्यामुळं घेतली. मी लिहून देतो. माझ्या जबाबदारीवर द्या, माझं नाव मोठ्या अक्षरात टाका, नोटीस बोर्डावर लावायचं तर लावा.’

आता वाद होईल, चार लोक उठतील, आपल्याला भांडावं लागेल, अशी हिंदुरावांनी मनाची तयारी केली होती. भांडायला मिळालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण अर्जुनरावांनी खांदे उडवले.

‘द्या लिहून. मला काय, माझं काय जातंय? कमिटीतलं कुणी काही म्हणालं नव्हतं. तुमच्या ओळखीचा माणूस, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आम्ही नाही म्हटलं.’ त्यांनी लेटरहेडचा कागद पुढे सरकवला आणि पुन्हा बिलांत डोकं घातलं.

म्हणजे अडवणारं दुसरं कुणी नव्हतंच. सोसायटीचं वातावरण, निवडणुका, लोक काय म्हणतील, हे सगळं एकटे हिंदुराव होते. त्यांनी कागदावर लिहिलं, सही केली, अर्जुनरावांची सही आणि शिक्का घेतला. रात्री अंथरुणावर त्यांनी उद्या काय बोलायचं ते मनात दहा वेळा घोळवलं. सगळ्यांसमोर अपमान झाला, तर माफीही सगळ्यांसमोर मागायची, असं त्यांनी ठरवलं. त्या ठरवण्याने त्यांना थोडी झोप लागली.

शुक्रवारी बस मोशीला थांबली. गणराज मागे रील बघत होता. हिंदुराव त्याला काही बोलले नाहीत. रियाजने जागा राखली होती. हिंदुराव बसले नाहीत. दोन बाकांच्या मधे दांडी धरून ते उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून मोठ्याने बोलले.

‘ऐका सगळ्यांनी. परवा मी फोनवर रियाजबद्दल वंगाळ बोललो. तुमी सगळ्यांनी ऐकलं. काल त्याच्या तोंडावर खोटं बोललो, तेबी ऐकलं. मी चुकलो. हा बघा परवानगीचा कागद, माझ्या सहीचा. रियाज, मला माफ कर.’

मागे गणराजच्या फोनवरचं गाणं बंद झालं. रियाजचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही, नुसता हिंदुरावांचा हात धरून त्यांना खाली ओढलं.

‘बसा, दादा. पडाल.’

हिंदुराव बसले. त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. रियाजने तो पूर्ण वाचला, शिक्क्यापर्यंत. मग तो नेहमीसारखा त्यांच्या उजव्या कानाजवळ वाकला.

‘तुम्ही एवढं केलंत, बरं वाटलं. पण आम्ही नाही येणार.’

‘का? आता अडचण काय हाय? कमिटी तयार हाय.’

‘कमिटीचं मला काहीच नव्हतं, दादा. आजवर पाच ठिकाणी “नाही” ऐकलंय. ऐकायचं आणि दुसरं घर बघायचं, त्याची सवय झालीये.’

‘मी ते असंच बोललो रे. मनातलं न्हाई ते.’

रियाजने कागद मांडीवर ठेवला. बोलू की नको, असं त्याचं चाललं असावं.

‘असंच बोलायचं ते माणूस मोठ्याने बोलतो,’ तो म्हणाला. ‘तुमची ती भाषणं मी नऊ वर्षं ऐकली. कधी मनाला लावून घेतली नाहीत. म्हटलं, दादांना आवाज लागतो, लावू देत. पण परवा ड्रायव्हरच्या आरशात मला दिसलं, तुम्ही आधी मान उंचावून मी झोपलोय का ते बघितलंत. मग तोंडावर हात धरलात. मी ऐकू नये म्हणून जे बोललात, ते तुम्ही खरं बोललात.’



‘अम्मी रोज खाली उतरली की तुम्हाला भेटणार,’ रियाज पुढे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर हिंदुरावांना सोसायला सोपं गेलं असतं. ‘तुम्ही तिला घरात बोलवाल, चहा द्याल, मला माहितीये. तिला खूप बरं वाटेल. ती घरी येऊन सांगेल, हिंदुराव किती चांगला माणूस आहे. आणि मी प्रत्येक वेळी विचार करीन, की दार लावल्यावर हे आता काय म्हणाले असतील. असं मला नाही राहता येणार, दादा. देहूरोडला बघितलंय एक घर. तळमजल्याचं आहे. पुढच्या महिन्यापासून मी तिकडच्या बसने येईन.’

बस चाकणकडे धावत होती. रस्ता मोकळा होता आणि आज इंजिन चालू होतं, पण हिंदुरावांना त्यातलं काही कळत नव्हतं. आजवर कुठलाही वाद त्यांनी शेवटचा शब्द आपला ठेवून संपवला होता.

‘मग मी काय करू, रियाज?’ त्यांनी विचारलं.

आपण हळूच विचारलं असं त्यांना वाटलं. पण पुढच्या बाकावर विजयश्रीने मान खाली घातली, ड्रायव्हरने आरशातून एकदा मागे पाहिलं, आणि हिंदुरावांना समजलं की हेही सगळ्यांनी ऐकलं. रियाजने कागदाची नीट घडी घातली आणि ती त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिली.